आमचा ऑगस्ट

सेवानिवृत्त इंग्रजीच्या शिक्षकाचा उपयोग गावाला कशासाठी होतो, याची फर्द कोणी तयार केलीच, तर तीत लग्नपत्रिकेवरील इंग्रजी नावांची स्पेलिंगे तपासणे, औषधाच्या बाटलीवरील मजकूर वाचून दाखवणे, बँकेतून आलेल्या पत्रात धमकी आहे की शुभेच्छा आहेत याचा निवाडा करणे आणि अमेरिकेतील नातवाशी फोनवर बोलणाऱ्या आजीबाईंच्या शेजारी दुभाष्या म्हणून बसणे, एवढी कामे निःसंशय निघतील; परंतु स्पेन देशातील एका व्यापाऱ्याच्या मनातील गूढ इंग्रजीच्या वाटेने बाहेर काढून ते नारायणगावच्या शिवारात उतरवून देणे हे काम त्या फर्दीत कधीच नव्हते, आणि ते माझ्या माथी आले ते केवळ माझा भाचा द्राक्षबागायतदार आहे व मी त्याचा सख्खा मामा आहे, या दोन अपराधांमुळे.

भाचा शेतकीची पदविका घेतलेला, माळकरी आणि मितभाषी गृहस्थ आहे. मार्गशीर्षातल्या एका सकाळी तो एक छापील कागद घडी घालून घेऊन आला. मोबाईलच्या पडद्यावरचे इंग्रजी मला मानवत नाही हे ठाऊक असल्याने त्याने तो मजकूर जुन्नरच्या बाजारातून मुद्दाम कागदावर उतरवून आणला होता. ज्या जुन्नरच्या कागदावर एके काळी मराठ्यांच्या राज्याचा कारभार लिहिला जात असे, त्या जुन्नरहून आलेला तो कागद इतका पातळ होता की त्यातून मला भाच्याचा चिंताक्रांत चेहरा स्पष्ट दिसत होता.

"मामा, दोनदा वाचलं. शब्द समदे कळत्यात, पन अर्थ लागंना."

"हे तर थोर साहित्याचे लक्षण आहे," मी म्हणालो आणि चष्मा चढवला.

पत्राचा आरंभ निर्दोष होता. कुटुंबाची विचारपूस होती, नमुन्याच्या द्राक्षांची स्तुती होती. आणि त्यानंतर, निर्वेध रस्त्यावर अकस्मात गतिरोधक यावा तसे एक वाक्य होते: 'या हंगामात तुमच्या द्राक्षांवर आपण दोघेही आपापला ऑगस्ट करू, अशी माझी खात्री आहे.'

"ऑगस्टात माल मागतोय," भाचा खोल आवाजात म्हणाला. "ऑगस्टात बागंत काय असतंय मामा? काडी आन् पानं. ऑक्टोबरात छाटणी, तवा कुठं शिवरात्रीच्या आगंमागं माल हाताला येतो. ह्याला ऑगस्टात घड कुठनं आनून देऊ?"

छत्तीस वर्षे खडू झिजवलेल्या माणसाला 'मला कळत नाही' हे वाक्य उच्चारता येत नाही. त्यासाठी लागणारा स्नायू त्याच्या जिभेत उरलेलाच नसतो. मी डोळे मिटले, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मनातल्या मनात उलगडली आणि निर्णय दिला की इंग्रजीत ऑगस्ट या शब्दाचा दुसरा अर्थ भारदस्त असा असून, या व्यवहाराने आपण उभयता भारदस्त होऊ असे शेठजींस सुचवावयाचे आहे. त्या निर्णयाबरहुकूम आम्ही उत्तर रवाना केले: आम्ही पूर्वीपासूनच भारदस्त आहोत, तथापि माल मात्र ऑगस्टात मिळणार नाही. चौथ्या दिवशी जबाब आला: 'चिंता नसावी. आपला ऑगस्ट मार्चमध्ये येईल.'

"ह्याचं क्यालिंडर बघून घ्या मामा," भाचा म्हणाला. "हुंडीची तारीख काय टाकील ह्याचा नेम नाय."

मी पुण्यास गेलो. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक स्पॅनिश-इंग्रजी शब्दकोश काढला, ज्याची शेवटची काही पाने पूर्वीच्या मालकाने बहुधा चणे बांधण्यास वापरली होती, आणि परतीच्या एसटीत राजगुरुनगर ओलांडता ओलांडता मला ऑगस्टाचा उलगडा झाला. स्पेनमध्ये पिकांची सुगी ऑगस्टात येते. कणगी भरते, त्याबरोबर कनवटही भरते. म्हणून ज्याचे चांगभले झाले त्याने आपला ऑगस्ट केला, मग तो पौषात का करीना! ज्यास आपण उखळ पांढरे होणे म्हणतो, ते हे.

"म्हंजी उखळ पांढरं हुईल म्हनतोय," भाचा उजळून म्हणाला. "मंग तसं लिहायचं ना सरळ!"

सरळ! उखळ पांढरे होण्यात जे सरळ आहे ते मला आजतागायत सापडलेले नाही. पण भाच्याच्या आग्रहाने मी तेही इंग्रजीत उतरवून पाठवले, आणि उत्तरादाखल शेठजींनी अत्यंत सौजन्याने कळवले की त्यांची पेढी फळांची असून बांधकामाच्या साहित्यात अथवा पांढऱ्या सिमेंटात तिला स्वारस्य नाही.

शब्द एका ठिकाणी आणि वस्तू दुसऱ्या ठिकाणी ही अवस्था आमच्या मुलखाला वास्तविक नवी नसावी. शेजारच्या आंबेगाव तालुक्याचे पाहा: तालुक्याचे नाव आंबेगाव, मामलेदार बसतो घोडेगावास, बाजार भरतो मंचरला, आणि ज्या गावावरून नाव पडले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली निवांत निजले आहे. परक्या मुलखातून कोणी 'आंबेगावास उतरवा' म्हणून हट्टच धरला तर कंडक्टरने त्यास नेमके कोठे उतरवावे? तरीही कोणाचे काही अडत नाही. आणि आमचे तरी काय? खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून बसल्या आहेत, अशा एकंदर ३० तबकड्यांची ती दुर्बीण कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज ऐकते. आर्वीला परदेशचे संदेश उतरवून घेणारे उपग्रह केंद्र १९७१ पासून उभे आहे. आणि या दोहोंच्या मधोमध राहणारा मी एका फळव्यापाऱ्याच्या चार ओळींपुढे हतबल होऊन बसतो.

दुसऱ्या पत्राने घरात धर्मसंकट उत्पन्न केले. शेठजींनी लिहिले होते: 'पेटीत वरच्या थरात एक आणि खालच्या थरात दुसरे असे नसावे. सशाच्या जागी आम्हांस मांजर वाढले जाणार नाही, असा भरवसा वाटतो.'

भाच्याने गळ्यातली माळ चाचपली. "मामा, आपल्या घरात अंडं शिजत नाय. ह्यो ससा मागतोय?"

"ससा मागत नाही. मांजर नको म्हणतो."

"म्हंजी आधी कोनी मांजर दिलं व्हतं का काय?"

स्वयंपाकघराच्या दारातून आमच्या सौभाग्यवतींनी मांजराला उचलून आत नेल्याचे मी या डोळ्यांनी पाहिले. शब्दकोशाने खुलासा केला तो असा, की त्या देशी खाणावळवाले सशाच्या नावाखाली मांजर रांधून गिऱ्हाइकापुढे ठेवीत असल्याचा जुना लौकिक आहे, आणि फसवणुकीस तेथे तेच नाव पडले आहे. यावर आपल्या बाजूने योग्य ते आश्वासन देणे क्रमप्राप्त होते. भाच्याने सांगितले, "लिहा, आमी कुनाच्या हातावर तुरी देनाऱ्यातले न्हाई." मी लिहिले. उत्तर आले की कडधान्यांची आयात ते करीत नाहीत, पण नमुना पाठवल्यास विचार करता येईल.

मात्र या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, आणि ती वाचून माझे मन भरून आले. 'तर्जुमा करणाराची क्षमा असावी. मालक बोलतात ते असेच बोलतात.' म्हणजे पलीकडेही कोणी मामा होता! त्या दूरच्या गावात, ऑलिव्हच्या झाडाखाली म्हणा अथवा जिन्याखालच्या खोलीत म्हणा, कोणी एक निवृत्त शिक्षक आपल्या भाच्याचा, पुतण्याचा किंवा जावयाचा ऑगस्ट, ससा आणि मांजर इंग्रजीच्या पेटीत भरत बसला होता, आणि माझी तूर व माझे उखळ उलगडताना डोक्याचे उरलेसुरले केस उपटीत होता. मी उलट टपाली बारीक अक्षरांत लिहिले: 'आमचेही तसेच.' मालकांचा सौदा पुढे झाला तो झाला. तर्जुमानवीसांचा तह त्या दिवशी झाला.

या तहानंतर काम सोपे व्हावयास हवे होते, झाले नाही. शेठजींनी व्यवहाराला 'गोल धंदा' म्हटले. त्यांच्याकडे ज्यात कोठे टोचणारा कोपरा नाही असा फायद्याचा सौदा तो गोल. आमच्याकडे गोल म्हटले की माणसाचा हात आधी खिशाकडे जातो. "गोलमाल हाये, म्या म्हनलंच व्हतं," म्हणून भाचा दोन रात्री झोपला नाही. मग त्याला कोठून तरी कळले की स्पेनमध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री, बाराच्या ठोक्यांबरोबर प्रत्येक माणूस बारा द्राक्षे खातो. ही गोष्ट खरी आहे. ती कळल्यावर भाच्याने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: पावणेपाच कोटी माणसे, गुणिले बारा, म्हणजे सत्तावन्न कोटी मणी, एक मणी पाच ग्रॅम धरला तर अठ्ठावीस लाख पन्नास हजार किलो माल, आणि तो एका रात्रीत फस्त! त्या रात्री आमच्याकडचे मणी अजून हिरवे आणि आंबट असतात आणि त्या देशाच्या स्वतःच्या बागा आहेत, या दोन क्षुल्लक बाबी त्याने हातच्याला धरल्या नव्हत्या. हिशेब मात्र त्याने पाठवायला लावला. जबाब आला: 'मित्रा, अस्वल मारण्यापूर्वी त्याचे कातडे विकू नये.'

भाचा ताडकन उठून आधी दार लावून आला. "मामा, हे पत्र फाडा. आपल्याकडं बिबट्या उसात वितो, त्याला नुसता दगड मारला तरी वनखातं उचलून नेतं. माणिकडोहला बिबट्यांसाठी सरकारनं घर बांधलंय, माणसांसाठी नाय बांधलं. आन् ह्यो कातड्याच्या गोष्टी करतो?"

हे अस्वल म्हणजे आपल्याच बाजारातल्या तुरी, ज्या अजून बाजारातच असताना भटाने भटणीला मारले, हे मी त्याला समजावून सांगितले. पण भाच्याने पत्र फाडले ते फाडलेच.

मी कपाटावरून जुने सोबती खाली काढले होते. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची; देशात एवढी धामधूम चालू असताना हा मनुष्य मराठी शब्दांच्या पोटात शिरून बसला होता याचे मला नेहमी नवल वाटते. १८९९ साली रेव्हरंड मॅनवेरिंग यांनी तर मराठी म्हणींचा इंग्रजी तर्जुम्यासह संग्रहच ऑक्सफर्डहून छापवून घेतला. दोन्ही ग्रंथ अलौकिक आहेत. परंतु ते इंग्रजाला मराठी कळावी म्हणून रचले गेले, आणि नारायणगावच्या मराठ्याला स्पॅनियार्ड कळावा हा प्रसंग उभय साहेबांच्या स्वप्नातही आला नसावा.

आणि प्रसंग तरी नवीन कोठे आहे? आमच्या जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांमागे दाने दिल्याचे जे लेख आहेत त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे आणि चक्क यवनही आहेत. नाणेघाटातून माल चढत उतरत होता; घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून उभा आहे. धान्याच्या अडत्याने यवनाला 'हात आखडता घेऊ नका' म्हटल्यावर यवनाने आपले दोन्ही हात पुढे करून दाखवले नसतील, हे कशावरून? त्या दोघांच्या मध्येही कोणी तरी डोके धरून बसलेला असणारच. त्याने लेणे कोरले नाही, म्हणून त्याचे नाव राहिले नाही, इतकेच. सातवाहनांनी तर चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत आणि दुसऱ्या बाजूस द्राविडी मजकूर पाडला. पण नाण्यावर राजाचे नाव घालणे निराळे आणि उखळ पांढरे घालणे निराळे. नाणेघाटातील नागनिका राणीचा शिलालेख मला या बाबतीत फार शहाणपणाचा वाटतो. यज्ञात इतक्या गाई दिल्या, इतके कार्षापण दिले, असा आकड्यांनिशी रोखठोक तपशील! त्यात कोणी कोणाला मांजर वाढीत नाही. अर्थात राणीला द्यायचे होते, विकायचे नव्हते. विकणाऱ्याला असे लिहिणे परवडत नाही.

एकदा माझी प्रकृती बरी नसताना भाच्याच्या चिरंजीवांनी मोबाईलमधल्या यांत्रिक दुभाष्याकडून परस्पर एक पत्र रवाना केले. शेठजींनी सहज कांद्याची चौकशी केली होती, तेव्हा आळेफाट्याच्या बाजारात कांद्याची जी प्रतवारी चालते ती पोराने जशीच्या तशी यंत्रात घातली. गोळा, गोल्टी आणि बदला. यंत्राने पहिल्याचा चेंडू केला, दुसरे नाव गिळले आणि हलक्या प्रतीच्या मालास जे बदला म्हणतात त्याचा सूड करून पाठवला. अडत्याने दिलेल्या हिशेबाच्या पट्टीची मलमपट्टी झाली. म्हणजे शेठजींस असे वृत्त गेले की आमच्याकडे सुडाचा कांदा दहा किलोच्या भावाने विकला जातो, आणि विक्रीनंतर दलाल शेतकऱ्यास मलमपट्टी करून घरी पाठवतो. यातील दुसरे विधान चुकीचे आहे असे मला छातीठोकपणे म्हणता येईना. शेठजींचे उत्तर आले की त्यांच्याकडे सगळेच कांदे सूड घेतात, म्हणून निराळी प्रत ठेवलेली नाही.

चैत्राच्या तोंडावर आणखी एक संकट टळले. पत्राला विलंब का झाला याचे कारण म्हणून भाच्याने लिहायला सांगितले, की गावच्या यात्रेसाठी तमाशाची सुपारी द्यायला नारायणगावला गेलो होतो. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत सुपारी शब्दाची जी गत झाली आहे ती ध्यानात घेऊन मी लिहिले, 'प्रकृती अस्वस्थ होती.'

माल गेला, पोहोचला, विकला गेला. अर्धी रक्कम आली आणि अर्धी राहिली. शेठजींनी कळवले की 'राजवाड्यातील कामे सावकाश चालतात.' स्पेनला खरोखरच राजा आहे, त्यामुळे आपले पैसे प्रत्यक्ष महाराजांकडे अडकले या कल्पनेने भाच्याला काही दिवस एक प्रकारची प्रतिष्ठाच वाटत होती. वास्तविक ही म्हण म्हणजे आपली 'सरकारी काम, सहा महिने थांब'. अंगाला इतकी चपखल बसणारी दुसरी जोडी मला त्या साऱ्या व्यवहारात सापडली नाही. सहा महिन्यांतले चार गेले. मग भाचा आला आणि म्हणाला:

"लिहा. शेठ, रामराम. तुमच्या शब्दाबाहेर आमी नाय. पन घरात कार्य निघालंय. खताचा दुकानदार रोज दारावरनं जातो, काय बोलत नाय, नुसता बघतो. तवा मागलंपुढलं बघून जरा हात सैल सोडा."

या ठिकाणी मला सद्बुद्धी नावाची दुर्बुद्धी झाली. दुकानदार, त्याचे बघणे, सैल सोडलेला हात, हे सारे इंग्रजीत नेऊन पुन्हा स्पॅनिशमध्ये उतरेपर्यंत त्याचे काय होईल याचा अनुभव गाठीशी होता. शिवाय पलीकडच्या मामाची मला दया आली. म्हणून मी एकाच ओळीत शुद्ध, व्याकरणशुद्ध, बिनचूक इंग्रजी लिहिले: 'उर्वरित रक्कम पंधरा दिवसांत पाठवावी.' माझ्या उभ्या कारकिर्दीतले ते सर्वांत निर्मळ भाषांतर होते.

तीन आठवडे तिकडून चकार शब्द आला नाही. मग बारीक अक्षरांतली एक चिठ्ठीच आली: 'मालक अत्यंत दुखावले आहेत. आपल्यावर अविश्वास दाखवला गेला असे म्हणतात. तुम्ही हे काय लिहिलेत?'

"तुमी काय लिहिलं व्हतं मामा?" भाच्याने विचारले.

मी सांगितले.

"अरारारा!" तो मटकन ओट्यावर बसला. "तोंडावर पैसे मागितले?"

"मग काय मागायचे होते?"

"पैसेच मागायचे व्हते, पन मागायचे नव्हते!"

रात्री बसून मी प्रायश्चित्ताचे पत्र लिहिले. रामराम घातला. शब्दाबाहेर नसणे घातले. खताचा दुकानदार त्याच्या सायकलीसकट दारावरून नेला आणि त्याला न बोलता बघायला लावले. हात सैल सोडला. एकही शब्द सुबोध राहणार नाही याची दक्षता घेतली. आठव्या दिवशी पैसे जमा झाले आणि पाठोपाठ पत्र आले: शेठजींच्या गावचा खतवालाही अगदी असाच बघतो, आणि ते बघणे त्यांस सहन होत नाही.

त्या आनंदात शेठजींनी स्वतः दूरध्वनी केला. मध्ये मामा कोणीच नाही. त्यांचे बोलणे स्पॅनिश, आमचे मराठी, आणि तिकडून एकच शब्द घोळून घोळून येत होता, "पागार! पागार!" भाच्याने हात रिसीव्हरवर ठेवून मला दरडावून विचारले, "पगार? मी काय ह्याच्या चाकरीला हाये?" मी शब्दकोश चाळला. पागार म्हणजे पैसे चुकते करणे. आमचा पगार हा त्याचाच पोर्तुगीज भाऊबंद, गोव्याच्या वाटेने वर चढून आलेला; त्याच वाटेने लिलाव आला, चावी आली, आणि ज्याच्यावर सातगाव पठाराचे सारे अर्थकारण उभे आहे तो बटाटाही आला. ज्या शब्दाने आमचा बाजार रोज सकाळी सुरू होतो तो लिलाव शब्दच त्यांच्या शेजाऱ्यांचा! हे मी भाच्याला सविस्तर समजावीत असताना तिकडून फोन ठेवला गेला, कारण शेठजींस वाटले की आम्ही आपसांत भांडत आहोत.

पुढच्या हंगामात ते स्वतःच बाग पाहण्यास आले. गोरे, गोल, साठीचे गृहस्थ. हसताना सगळे अंग हसे. दुभाष्या बरोबर नव्हता. पलीकडच्या मामांना गुडघ्यांचा त्रास होता म्हणे. बाग पाहून झाली, ओझरचा गणपती झाला, शिवनेरीच्या पायऱ्या निम्म्या झाल्या. सोमवार होता, आणि भाच्याला यात्रेच्या गाड्यासाठी खोंड पाहायचा होता, म्हणून आम्ही पाहुण्यांना घेऊन बेल्ह्याच्या बैलबाजारात गेलो.

बेल्ह्याचा बाजार ज्याने पाहिला नसेल त्याने धूळ पाहिली आहे असे म्हणू नये. हजारो घुंगरांचा आवाज, शेणाचा आणि भज्यांचा एकवटलेला वास, शिंगांना लावलेला रंग. आणि त्या साऱ्या गलबल्यात ठिकठिकाणी दोघेदोघे इसम तोंडाने हवापाण्याच्या गोष्टी करीत, हात मात्र उपरण्याखाली घालून उभे. भाव बोलायचा नसतो, दाबायचा असतो. एक बोट धरले की एक, पुरा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार ते जनावराच्या अंगावरून उभयतांनी समजून घ्यायचे. चार पावलांवर उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही.

पाहुणे एका पांढऱ्याशुभ्र खिलार खोंडापुढे थबकले. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आले असावे. "तोरो!" ते ओरडले. त्यांच्या भाषेत वळूला तोरो म्हणतात.

"तोरा तर असनारच साहेब," हेडी म्हणाला, "असल खिलार हाये," आणि उपरणे झटकून त्याने हात पुढे केला.

युरोपात कोणी हात पुढे केला तर तो पुरा पंजात घेऊन मनापासून हलवतात. पाहुण्यांनी तो उपरण्याखाली शिरून घेतला, पुरा घेतला, आणि चांगला चार वेळा वरखाली हलवला. हेडी क्षणभर अवाक् झाला. त्याची अपेक्षा चाळिसाची होती.

"पन्नास! झालं!" त्याने हाळी दिली. "गोऱ्या साहेबाचा शब्द हाये!" आजूबाजूचे वीसपंचवीस साक्षीदार आपोआप गोळा झाले. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी सवयीने शब्दकोशाकडे हात नेला. पाहुण्यांना खुणांनी, मातीत आकडा काढून, बैलाकडे आणि त्यांच्या खिशाकडे आळीपाळीने बोट दाखवून घडला प्रकार समजावला, तेव्हा ते पोट धरून हसले आणि म्हणाले ते दोनच शब्द मला कोशाशिवाय कळले: गोल धंदा.

"हो," भाचा म्हणाला, "गोलच."

पैसे त्यांनी तेथेच मोजले. खोंड मात्र विमानात बसणारा नव्हता, तेव्हा तो भाच्याच्या गोठ्यात ठेवावा आणि त्याच्या वैरणीचा पागार दरमहा तिकडून यावा असा करार झाला, ज्यावर दोन्ही बाजूंनी हसण्यापलीकडे सही नाही. बैलाचे नाव पाहुण्यांनी तेथल्या तेथे ठेवले, ऑगस्ट. पोरे त्याला ऑगस्ट्या म्हणतात.

परवा त्यांचे पत्र आले. बारीक अक्षरांतली ओळ प्रथम वाचली. गुडघे बरे आहेत. वर मालकांचा मजकूर होता: 'मालकाच्या डोळ्याने घोडा लठ्ठ होतो. माझा डोळा दूर आहे, तेव्हा तूर्त तुमचा लावावा.'

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "डोळ्याचं काय म्हनतोय? काय दुखनं झालंय का त्याला?"

मी त्याला बसवून घेतले, चष्मा चढवला आणि एका दमात जबाब लिहून टाकला: 'ऑगस्ट मजेत आहे. मार्चमध्ये घाटात पळेल.'